बिछायतीचा नकाशा आणि लाल तिकोन

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीच्या वर्गातही काही दिवस बसलो होतो, पण ते धरत नाही. मास्तरनं मला बाहेर काढलं की मीच दप्तर उचलून उठलो, यावर बायकोचं आणि माझं अजून जमत नाही. ती तेव्हा माझ्या गावातही नव्हती. तरी तिचं म्हणणं पक्कं आहे की काढलं.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं चौकोन, बाण, तिकोन असलं बरंच येणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की म्हाताऱ्याला कळलं नाही म्हणून तो चिडला. मला सगळं कळलं. कळलं म्हणूनच चिडलो.

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बिछायत केंद्र आहे, ते माझं. सतरंज्या, कनाती, मांडवाच्या बल्ल्या, खुर्च्या, भाताचे मोठे गंज, वरणाच्या बादल्या, पाण्याचे ड्रम. लग्न असो, वास्तू असो की तेरवी असो, गावात चार माणसं बसली की ती माझ्या सतरंजीवर बसतात. कोणाचं लग्न कधी, कोणाकडे काय गेलं, कोणत्या गंजाला पोचा पडला आणि तो कोणाच्या आचाऱ्यानं पाडला, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. आजवर ते डोक्यातच राहिलं आणि धंदा चालला. मग माझ्या सुनेनं तो चित्रात उतरवून काढला. त्या चित्रानं मला जो ताप दिला तो कोण्या नवरदेवाच्या मामानंही दिला नाही, आणि नवरदेवाचे मामा काय चीज असतात ते बिछायतवाल्याला विचारा.

झालं असं की यवतमाळच्या रस्त्यावर एक नवीन लॉन झालं. लॉन म्हणजे गवत, आणि गवतावर लग्न. आधी लोक गवत काढून मांडव टाकायचे, आता गवत लावून टाकतात. लॉनच्या मालकानं एक मॅनेजर ठेवला. पोरगा यवतमाळचा, आजोबांपासून हापिसात जाणाऱ्या घरातला. बोलणं गोड, शर्ट इस्त्रीचा. त्याला अख्ख्या सीझनसाठी एकच बिछायतवाला पाहिजे होता.

हे काम आम्हाला मिळणं गरजेचं होतं. माझा मुलगा टेम्पो चालवतो, सामान पोचवतो. त्याला नागपूरच्या एका मोठ्या गोदामात नोकरी सांगून आली होती. लॉनचं काम भेटलं तर गावात राहतो, नाही तर दोघंही नवराबायको नागपूरला जातो, असं त्यानं ठरवलं. हे त्यानं मला नाही, त्याच्या आईला सांगितलं, आणि तिनं मला भाकरी वाढता वाढता. आमच्या घरी महत्त्वाच्या गोष्टी अशाच चुलीवरून फिरून येतात. मी म्हटलं, "जाते तं जाऊ दे." त्यानंतर मला ती भाकरी काही गोड लागली नाही, पण ते बोलायची गरज नव्हती.

मॅनेजरनं आम्हाला बोलावलं. मला वाटलं, सामान पाहील, सतरंजी हातात घेऊन वजन पाहील, गंजाच्या बुडाला टिचकी मारील. त्यानं काहीच पाहिलं नाही. म्हणाला, "काकाजी, तुमच्या कामाचा फ्लो काढून आणा. म्हणजे बुकिंगपासून सामान परत येईपर्यंत कायकाय होतं, एकामागून एक. आणि कोणत्या पायरीवर काय बिघडू शकतं तेही त्यातच दाखवा. बिघडलं तर कोण काय करणार, तेही."

मी म्हटलं, "साहेब, बिघडत नाही."

तो हसला. सून माझ्याबरोबर होती. ती बी.कॉम. झालेली आहे, यवतमाळात कॉलेज केलं. ती म्हणाली, "आणतो सर, काढून."

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "बिघडत नाही म्हन्लं ना मी? मंग तू काहून मधात बोलली?"

"मामाजी, बिघडत नाही असं सगळेच म्हणतात. त्याले ते ऐकायचंच नव्हतं."

सून मला मामाजी म्हणते. आवाज कधी वर नेत नाही. मला ते फार जड जातं. वर नेला असता तर मी जिंकलो असतो.

एका जुन्या फ्लेक्सच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर तिनं तो नकाशा काढायला घेतला. पुढच्या बाजूला कोण्या लग्नातले नवरानवरी होते, ते दोघं जमिनीकडे तोंड करून पडले. मी म्हटलं, हे बरं दिसत नाही. ती म्हणाली, दिसतच नाही मामाजी, खाली आहे. मग गुडघ्यावर बसून चौकोन काढू लागली. एक काम, एक चौकोन. बुकिंग, एक चौकोन. गोदामातून सामान काढणं, एक. टेम्पोत भरणं, एक. मांडव, आचारी, पंगत, भांडी धुणं, सामान परत. मध्ये बाण. जिथं कोणाला काही ठरवायचं असतं, तिथं चौकोन नाही, शंकरपाळ्यासारखं काहीतरी, आणि त्यातून दोन बाण निघतात, एक हो चा, एक नाही चा.

इथपर्यंत मला काही अडचण नव्हती. खरं सांगायचं तर माझा धंदा एवढा लांबलचक आहे हे पाहून बरंच वाटलं. मी शेजाऱ्यालाही बोलावून दाखवला.

मग तिनं लाल पेन काढला आणि तिकोनं काढायला लागली. जिथं बिघडू शकतं तिथं एक लाल तिकोन, आणि बाजूला काय बिघडेल ते. मांडवाच्या चौकोनाजवळ तिकोन काढून तिनं लिहिलं, आग.

"हे काय लिहिलं?"

"आग. गॅस राह्यते, कनात राह्यते, वायर राह्यते. लागू शकते ना."

"लग्नाच्या मांडवाजवळ आग लिहितेस? कोणाच्या पोरीचं लग्न हाये ते अजून ठरलंही नाही, अन् तू तिच्या मांडवाले आग लावून राह्यली."

"मग काय लिहू?"

"काळजी घेणे, असं लिही."

"पावसाच्या जागी?"

"काळजी घेणे."

"जेवण पुरलं नाही, त्या जागी?"

"तेच लिही. तोंडातून पुरलं नाही असं काढूच नको पंगतीच्या वेळी."

तिनं पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मग मामाजी, सगळीकडे काळजी घेणेच होईन. त्यानं मॅनेजरले समजन काय? तो म्हणन, यांले काहीच माहीत नाही, नुसते काळजी करून राह्यले."

बायको तिकडून तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "खरंच करते का ते काळजी? रात्री घोरते."

आग तशीच राहिली. पण त्या तिकोनांचा खरा उपद्रव दुसऱ्या दिवशी सुरू झाला. नकाशा गोदामाच्या भिंतीला लावला होता. आमचा आचारी आला. चांगला माणूस, वांग्याची भाजी अशी करतो की लोक नवरीला विसरून भाजीची चौकशी करतात. त्यानं भिंतीकडं पाहिलं, आपल्या चौकोनाजवळचं लाल तिकोन पाहिलं आणि झारा खाली ठेवला.

"माझ्या नावाले लाल निशाण कायले?"

"तुमच्या नावाले नाही काका, कामाले हाये," सून म्हणाली. "आचारी वेळेवर आला नाही तं काय करायचं, एवढंच."

"म्हणजे मी वेळेवर येत नाही?"

"येता. पण नाही आले तं."

"नाही कायले येणार? मी मेलो का?"

"तसं नाही काका."

"मंग ते तिकोन त्या गॅसवाल्याले दे. तो येत नाही वेळेवर. सगळ्या गावाले माहीत हाये."

मीही आचाऱ्याच्या बाजूनं बोललो. माणसाच्या कामाला लाल निशाण लावलं म्हणजे माणसालाच लावलं. शाळेत उत्तरावर लाल फुली आली तर मार उत्तराला बसत नव्हता. इतक्यात मुलगा आला. त्यानं टेम्पोच्या चौकोनाजवळचं तिकोन पाहिलं. "माझ्या टेम्पोले तिकोन? अन् रस्त्याले नाही? तिकडचा रस्ता कोणी पाह्यला का?" मग रस्त्यालाही तिकोन काढावं लागलं. मांडववाले पोट्टे आले, त्यांना आपलं तिकोन आचाऱ्याच्या तिकोनापेक्षा मोठं दिसलं. सुनेनं ते खोडून लहान काढलं. संध्याकाळपर्यंत तिच्या हाताला एवढा लाल रंग लागला की हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखी दिसत होती. आणि एकाही माणसानं असं म्हटलं नाही की होय, माझ्या इथं बिघडू शकतं. सगळ्यांचं एकच म्हणणं, बिघडते, पण शेजारच्या चौकोनात.

मी तिला म्हटलं, "पाह्यलं? चालत्या धंद्यात भांडण लावलं तुह्या चित्रानं."

"भांडण आधीपासूनच होतं मामाजी. आता दिसलं."

असं बोलते ती.

आता मुख्य गोष्ट. एवढं सगळं झाल्यावर एके दुपारी मी गोदामात गेलो तर नकाशावर एक नवीन बाण होता. तो कोणत्याच चौकोनातून निघत नव्हता. फ्लेक्सच्या अगदी काठावरून, म्हणजे बाहेरून, यायचा आणि थेट एका शंकरपाळ्यात घुसायचा. शंकरपाळ्यात लिहिलं होतं, सामान द्यायचं का? खाली लिहिलं होतं, मामाजी. त्यातून हो चा बाण निघून गोदामात गेला होता. नाही चा बाण काढलाच नव्हता. आणि बाजूला सगळ्या नकाशात नाही एवढं मोठं लाल तिकोन.

"हा कोणता बाण?"

"मयतीचा."

इथं आमची एक रीत सांगायला पाहिजे. गावात कोणाच्या घरी मयत झाली की त्या घरचा एक माणूस माझ्या दारात येतो. आत येत नाही, बसत नाही, पाणी घेत नाही. फक्त कोणाकडे झालं ते सांगतो. मी काही विचारत नाही. सतरंज्या, खुर्च्या, पाण्याचा ड्रम, ऊन असेल तर कनात, लगेच रवाना. बुकिंग नाही, भावाची बात नाही, मातीच्या, म्हणजे अंत्यविधीच्या, दिवसाचं भाडं नाही. सामान दुसऱ्या कोणाला कबूल केलेलं असलं तरी आधी तिथं जातं. मरणारा तारीख सांगून मरत नाही. ही रीत मी सुरू केली, आणि गावात माझं जे काही आहे ते या रीतीमुळं आहे.

"मौतीले धोका म्हणतेस? मौतीजवळ तिकोन काढतेस?"

"मौतीले नाही, मामाजी. तुमच्या हो ले."

मी हो च्या बाणावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "अन् नाही चा बाण कुठी हाये?"

"तो कुठी जाते ते मले माहीत नाही. मी कधी पाह्यला नाही."

मुलगा तिथंच टेम्पोचा दोर गुंडाळत होता. त्यानं तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते.

मग तिनं ती जुनी गोष्ट काढली. शेजारच्या गावात एक लग्न होतं, सामान कबूल केलेलं. त्याच सकाळी आमच्या गावात मयत झाली आणि मी सतरंज्या तिकडे धाडल्या. वरात आली तेव्हा पाहुण्यांना पंगतीला बसायला खताच्या रिकाम्या थैल्या अंथरल्या. मुलीच्या बापाचं त्या दिवसापासून आमच्याशी बोलणं नाही. त्या दिवशी मी बरोबर होतो आणि आजही बरोबर आहे. थैल्यांवर बसून कोणी मरत नाही. मेलेल्याच्या घरी मात्र लोकांना उभं ठेवता येत नाही.

"बरोबरच हाये तुमचं," सून म्हणाली. "मी रीत मोडा म्हणत नाही. पण लॉनवाल्याले हे सांगावं लागन. नाही सांगतलं अन् त्याच्या लग्नाच्या दिवशी असं झालं, तं काम तं जाईनच, तोंडही काळं होईन. आम्ही म्हणतो, थोडं सामान बाजूले काढून ठेवू. फक्त मयतीसाठी. ते भाड्यानं द्यायचंच नाही."

ती 'मी' नाही, 'आम्ही म्हणतो' म्हणाली. म्हणजे मुलगाही त्यात होता.

मला राग आला तो याचा. "मयतीसाठी काढून ठेवायचं? म्हणजे सतरंजी कोपऱ्यात बसून गावातल्या कोणाच्या मरायची वाट पाहीन? सकाळी गोदाम उघडलं की मी तिच्याकडे पाहीन अन् म्हणन, आज कोणी नाही वाटते? कोणाच्या घरी आधीपासून तिरडीचे बांबू आणून ठेवतात का? ऐकलं तं लोक आपल्या दारावरून जाणार नाही."

"मग उपाय काय लिहू?"

"काही लिहू नको. खोड ते."

"खोडलं तं नकाशा खोटा होईन."

"होऊ दे."

बायको संध्याकाळी म्हणाली, "तुमच्या एका हो साठी पोरगं नागपूरले धाडून राह्यले. गावाचे सरपंच लागून गेले तुम्ही." मी पाटावरून उठलो. ती म्हणाली, "बसा. भात वाढला हाये. त्यालेही तिकोन काढू का?"

तिकोन खोडलं गेलं नाही. मीच म्हटलं, राहू दे, मी त्या मॅनेजरला समजावतो. मला वाटलं होतं, माणूस यवतमाळचा असला तरी त्याच्याही घरी कोणी ना कोणी मेलं असेलच.

लॉनच्या हापिसात त्यानं फ्लेक्स टेबलावर पसरला. नवरानवरी टेबलाकडे तोंड करून. एकेक चौकोनावर बोट ठेवत गेला. आगीवर मान हलवली, पावसावर हलवली, आचाऱ्याच्या तिकोनावर "गुड" म्हणाला. मला ते "गुड" आचाऱ्याला सांगावंसं वाटलं. मग बोट बाहेरच्या बाणावर आलं.

"हा कुठून येतो?"

मी सांगितलं. रीत सांगितली, दारात उभा राहणारा माणूस सांगितला, मरणारा तारीख सांगत नाही तेही सांगितलं. चांगलं सविस्तर सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. चहा आला, निवला.

"काकाजी," तो म्हणाला, "तुमचं सगळं बरोबर आहे. माझे आजोबा गेले तेव्हा आम्ही आलेल्या लोकांना सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं ठेवलं, मला माहीत आहे ते कसं वाटतं. पण माझ्यासमोर मुलीचा बाप बसतो. त्याला मी काय सांगू? की तुमच्या लग्नात सतरंजी येईल, पण काकाजींच्या गावात कोणी गेलं नाही तर?"

"असं सांगायची गरज नाही."

"मग कसं सांगू?"

मी म्हटलं, "सांगूच नका. आजपर्यंत कोणी कोणाले सांगतलं?"

त्यानं बोट शंकरपाळ्यावर ठेवलं. "मला बाणाचा त्रास नाही. लोक मरणारच. मला त्रास इथं आहे. इथं एकच माणूस आहे आणि तो एकच उत्तर देतो. मग हा निर्णय कसा? इथं दुसरं कोणी बसवा. जो दोन्हीकडचं पाहील, आधी मला फोन करील, मग ठरवील. तेवढं केलं तर मी मालकाला सांगतो."

मी उठलो. सून म्हणाली, "मामाजी, चहा."

"निवला तो."

परत येताना एस.टी.त आम्ही मागच्या बाकावर बसलो. मधात फ्लेक्सची गुंडाळी होती. खिडकीतून सोयाबीन कापलेली वावरं दिसत होती, आणि मी मनातल्या मनात त्या मॅनेजरशी भांडत होतो, आणि मनातही तो नीटच बोलत होता. माणूस उद्धट असला तर त्याला विसरता येतं. हा नीट बोलला, हे मला अजून पचलेलं नाही. आमचं गाव यायला लागलं तसं सून हळूच म्हणाली, "त्यांनी नागपूरले खोलीसाठी फोन केलता काल."

त्यांनी म्हणजे माझ्या मुलानं. तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. मला माहीत असावं म्हणून सांगितलं.

घरी येऊन मी हातपाय धुतले आणि म्हटलं, "आण ते."

तिनं फ्लेक्स ओसरीत पसरला. मी म्हटलं, "खोड ते 'मामाजी'. तुह्यं नाव लिही."

ती पेन घेऊन बसली, पण लिहीना. "नुसतं लिहून नाही होत मामाजी. मयतीवाला माणूस तुमच्याच दारात येईन. तुम्ही हो म्हणान. मग माह्यं नाव लिहून काय फायदा?"

"हो म्हणतच नाही मी."

"नाही म्हणान?"

"नाहीही नाही म्हणत. मयतीवाल्याले नाही म्हणायचं असतं का?"

"मग काय म्हणान?"

बायको दारात उभी होती, मुलगा तिच्या मागं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते, जसा काही मी मुहूर्त सांगणार होतो.

"गोदामात जा म्हणन," मी म्हटलं. "सुनेले सांग म्हणन. झालं?"

तिनं 'मामाजी' खोडलं. खोडताना एकच रेघ मारली, हलकी, वाचता येईल अशी. मी म्हटलं, खोडायचं तर नीट खोड. तिनं तरी एकच रेघ ठेवली. मग बाजूला स्वतःसाठी 'मी' लिहिलं आणि तिकोन तसंच ठेवलं, फक्त थोडं लहान काढलं.

लॉनचं काम आलं. मुलगा नागपूरला गेला नाही. घरात सगळे खूश, आणि मी खूश असावं अशी सगळ्यांची अपेक्षा. मला रोज सकाळी उठून चीड यायची. मी त्या तीन शब्दांची तयारी करून बसलो होतो, गोदामात जा बाबा. कोणत्या आवाजात म्हणावं, की समोरच्याला वाटू नये मी अंग काढलं. हात कसा करावा. पाय उंबऱ्याच्या आत ठेवावा की बाहेर. एवढी तयारी मी स्वतःच्या लग्नात केली नव्हती.

मग लॉनवर एका मोठ्या लग्नाच्या दिवशी सकाळीच खालच्या मोहल्ल्यातली एक म्हातारी गेली. मला ओसरीत बसल्या बसल्या रडणं ऐकू आलं. मी उठून टोपी घातली आणि दारात येऊन उभा राहिलो. तिचा नातू गल्लीतून येताना दिसला. मी घसा साफ केला.

तो माझ्या दारावरून गेला. रामराम केला, थांबला नाही, सरळ गोदामाकडे गेला.

त्याला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. गावाला कळलं होतं की आता शंकरपाळ्यात कोण आहे. नकाशा भिंतीवर होता, आचारी होता, मांडववाले पोट्टे होते. मी शब्द तयार ठेवले होते आणि कोणी विचारलंच नाही.

मी मागून गेलो. गोदामात सून फोनवर होती. "हो सर. आमच्या गावात मयत झाली आहे. खुर्च्या आणि गंज निघाले, वेळेवर येतील. मागच्या बाजूच्या कनाती आणि उरलेल्या अर्ध्या सतरंज्या दुपारनंतर येतील, माती झाल्यावर. जेवणाच्या आधी पोचतील. हो, त्या तिकोनातलंच. हो सर." मग ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "नाही सर, म्हातारी होती. सगळं पाहून गेली."

म्हणजे त्यानं विचारलं होतं. यवतमाळच्या माणसानं, कोण गेलं म्हणून. मला तर तिनं विचारलंही नव्हतं की काय पाठवू. मला तिथंच भांडायचं होतं, पण कशावरून भांडावं ते सापडेना. अर्ध्या सतरंज्या मयतीला, अर्ध्या लग्नाला. मी असतो तर सगळ्या मयतीला धाडल्या असत्या. आणि मला मनापासून चीड याची आली की अर्ध्या पुरत होत्या.

"मामाजी," ती म्हणाली, "तुम्ही मातीले जाता ना? हातगाडी जाऊन राह्यली. तिच्यासंगच जा, ऊन हाये."

"मी पायी जातो."

गेलो पायी. म्हातारीच्या अंगणात पोट्ट्यांनी सतरंज्या टाकल्या होत्या आणि लोक बसले होते. माझी सतरंजी, मी ओळखणार नाही का, उलटी टाकलेली. धागे वर, नक्षी खाली, आणि वरून घडी राहिलेली, एक कोपरा नालीत. त्यावर गावातली जुनी माणसं गप बसलेली, कोणी काही म्हणत नव्हतं. बिघडलं तर ते असं बिघडतं, आणि याला नकाशात कुठंच तिकोन नव्हतं.

मी म्हटलं, "उठा."

एकजण म्हणाला, "आता कायले, बसा ना काकाजी, मयत हाये."

"म्हणूनच म्हणतो, उठा."

सगळे उठले. मी कोपरा नालीतून काढून झटकला, घडी मोडली, सतरंजी सुलटी केली. मग म्हटलं, बसा आता.